नावं ठेवणारं गाव

मंगळवार, २७ ऑगस्ट

डॉक्टर म्हणाले, "मिसेस ट्रेलोर, जिभेला जरा विश्रांती द्या, रक्तदाब आपोआप उतरेल." सत्तावन्न वर्षं चाललेलं यंत्र असं एकदम बंद करता येत नाही. म्हणून ही वही आणली. जे लोकांच्या तोंडावर बोलायचं त्यातलं निम्मं इथे लिहायचं, असा मी स्वतःशी करार केला आहे. उरलेलं निम्मं गावाने सोसावं.

आज महिला मंडळाच्या हॉलमध्ये इंग्रजीचा वर्ग झाला. माझे विद्यार्थी सगळे कॅरेन. बर्माच्या डोंगरातून निघाले, थायलंडच्या छावण्यांत वर्षानुवर्षं राहिले, आणि आता इथे ऑस्ट्रेलियात, आमच्या मिंडला गावातल्या कोंबड्यांच्या कारखान्यात कामाला आहेत. मला 'थरामू' म्हणतात, म्हणजे शिकवणाऱ्या बाई. गावात कुणी मला इतक्या प्रेमाने हाक मारत नाही, पण तो विषय इथे नको.

सॉ लेर मूने हात वर केला. हा चाळिशीचा, गंभीर माणूस. छावणीत मोठे ट्रक चालवायचा, म्हणून इथल्या स्वयंसेवकांच्या आगीच्या बंबावर त्याला घेतलंय. म्हणाला, "थरामू, बंबाच्या शेडमध्ये हेल्मेटच्या खुंट्या आहेत. कॅप्टनच्या खुंटीवर लिहिलंय 'डस्टी'. मी शब्दकोशात पाहिलं. धुळकट, मळका. कॅप्टनला मळका म्हणतात आणि तो रागावत नाही. का?"

मला काय, आयतंच मैदान मिळालं. कॅप्टनचं आडनाव रोड्स. ऐकायला रस्ते. रस्त्यावर काय असतं? धूळ. म्हणून देशातला प्रत्येक रोड्स जन्मापासून 'डस्टी'. पोस्टमन व्हाइट, म्हणजे पांढरा. खडूही पांढरा, म्हणून तो 'चॉकी'. क्लार्क आडनावाचा कुणीही असो, तो 'नॉबी'. जुन्या काळी कारकून साहेबी टोपी घालून ऐटीत फिरत, म्हणून म्हणे. खरंखोटं देव जाणे, पण क्लार्कांनी कधी तक्रार केलेली नाही.

"आणि खाटीक ट्रेव्हर?" नॉ पॉ वा, लेर मूची बायको, विचारू लागली. "त्याला सगळे 'कर्ली' म्हणतात. कुरळ्या. त्याच्या डोक्यावर एक केस नाही!"

"म्हणूनच," मी म्हटलं. "आडनावातून काही निघालं नाही तर उलटं नाव ठेवतात. टकला तो कुरळ्या. ताडमाड तो छोटू. लाल केसांचा तो निळू."

वर्ग आधी एकमेकांशी कॅरेनमध्ये बोलला, मग इतका हसला की शेजारच्या खोलीतल्या विणकामवाल्या बायका डोकावून गेल्या. मी फार खूश आहे.

येताना कोपऱ्यावर चॉकी भेटला. मला लांबून बघताच त्याने सायकलवरचं हेल्मेट डोक्यावर चढवलं. मॅग्पाय टोचू नयेत म्हणून त्यावर प्लास्टिकच्या पट्ट्यांची शिंगं लावलीत. "यंदा मॅग्पाय लवकर सुटल्यात, मिसेस ट्रेलोर!" आणि पळाला. खरंच आहे. हा काळापांढरा पक्षी वसंतात, म्हणजे इथे सप्टेंबरात, वेडा होतो. मागून येतो, न सांगता डोक्यात टोच मारतो, आणि वर तारेवर बसून गातो, जणू उपकारच केले. पण ऑगस्टमध्येच?

मंगळवार, ३ सप्टेंबर

आज मी जरा जास्तच शिकवलं.

गेल्या आठवड्याच्या यशाने डोक्यात हवा गेली होती. काळा स्कर्ट, पांढरा ब्लाउज, हातात खडू, आणि समोर ऐकणारी माणसं. मला एवढं पुरतं. मी म्हटलं, आता यातला नियम सांगते. ज्याला आपलं मानतात त्याचंच नाव वाकडं करतात. सरळ, पूर्ण, सन्मानाने नाव कुणाचं घेतात? न्यायाधीशाचं, पोलिसाचं, कर्ज देणाऱ्याचं. म्हणजे ज्याच्यापासून चार हात लांब राहायचं असतं त्याचं. या देशात कुणी तुम्हाला अदबीने हाक मारली तर पाकीट सांभाळा.

कुणी हसलं नाही.

लेर मू सावकाश म्हणाला, "माझ्या खुंटीवर छापील पट्टी आहे. प्लास्टिकमध्ये घालून. 'मिस्टर सॉ लेर मू'. पूर्ण."

मग एकेक जण बोलू लागला. कारखान्यात पूर्ण नाव. बेकरीत पूर्ण नाव, तेही दोनदा, उच्चार बरोबर आला का हे बघायला. पॉ वा म्हणाली, "शाळेत मुलांनासुद्धा. बाकीची पोरं एकमेकांना काय काय म्हणतात, आमच्या पोरांना पूर्ण नाव."

मी काहीतरी सारवासारव केली. नवीन माणूस, वेळ लागतो, वगैरे. लेर मूने वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "किती वेळ? आम्हाला सहा वर्षं झाली."

मग मागच्या रांगेतून एक आजी, वर्गात सगळ्यांत कमी इंग्रजी येणाऱ्या, म्हणाल्या, "थरामूला काय म्हणतात?"

"मिसेस ट्रेलोर," मी म्हटलं. "माझा नवरा इथल्या बँकेचा मॅनेजर होता, त्यामुळे."

सगळ्यांनी माझ्याकडे इतक्या सहानुभूतीने पाहिलं की मी पाच मिनिटं आधीच वर्ग सोडला.

गुरुवार, ५ सप्टेंबर

बंबाच्या शेडवर गेले. डस्टी रोड्स आणि मंडळी पाइप गुंडाळत होती. मी दारात पोचले तोच आतून कुणीतरी ओरडलं, "मॅग्पाय!" आणि सगळ्यांनी पटापट हेल्मेटं घातली. छपराखालीसुद्धा! सुरक्षेबद्दल इतकी जागरूकता आमच्या नगरपालिकेत असती तर गावातले अर्धे खड्डे बुजले असते.

मी सरळ विषयाला हात घातला. "डस्टी, लेर मूला तुम्ही पूर्ण नावाने का हाक मारता?"

डस्टी दचकला. साठीचा माणूस, गव्हाची शेती करतो, वणव्याला घाबरत नाही, पण हा प्रश्न त्याला झेपला नाही. "आम्ही चुकीचं म्हणतो का? फार सराव केलाय हो आम्ही."

मग सगळं बाहेर आलं. ही कुटुंबं गावात आली त्या वर्षी पालिकेतल्या फेलिसिटीबाईंनी सगळ्यांना हॉलमध्ये बसवून प्रशिक्षण दिलं होतं. नवागतांची नावं पूर्ण घ्या, छोटी करू नका, चेष्टा तर मुळीच नको. पत्रकही वाटलं. डस्टीने ते शेडच्या फ्रीजवर चिकटवलंय. माणसं बिअर काढताना वाचतात आणि सुधारतात.

"पण जीव जातो, मिसेस ट्रेलोर," तो कळवळून म्हणाला. "माणसाचं नाव मू! हे गुराढोरांचं गाव. इथे पाळण्यातल्या पोरालासुद्धा माहीत आहे की गाय मू करते. आणि आम्ही सहा वर्षं एक शब्द काढला नाही. चॉकी तर एकदा शेडमागे जाऊन भिंतीवर डोकं टेकून उभा होता. विचारा त्याला."

चॉकीने मान हलवली. "फार वाईट दिवस होता तो. त्याने दूध आणलं होतं."

मी म्हटलं, "अरे शहाण्यांनो, त्याला वाटतंय तुम्ही त्याला परका समजता."

"परका?" डस्टी खरंच दुखावला. "त्या माणसाइतका बंब कुणाला चालवता येत नाही. आम्ही त्याच्यासाठी एवढी जीभ चावली, आणि तो...?"

माणूस समोरच्याला मान देता देता त्याला दाराबाहेर कसा उभा करतो, यावर गावच्या बुलेटिनमधल्या माझ्या सदरात लिहायला हवं. निघताना त्यांच्या फळ्यावरच्या दोन चुका दुरुस्त केल्या. मागून मोठा सुस्कारा ऐकू आला. पाइप जड असतात.

मंगळवार, १० सप्टेंबर

वर्ग संपल्यावर पॉ वा थांबली. तिच्या परसातली हिरवी मिरची आणि आंबाडीची पानं पिशवीत घालून आणली होती. पिशवी दिली आणि रडायलाच लागली.

लेर मूने ठरवलंय. नाताळ झाला की मेलबर्नच्या पश्चिमेला, वेरिबीला जायचं. पॉ वाचा भाऊ तिथे आहे, गोदामात काम मिळतंय. तिथे कॅरेन लोकांची वस्ती मोठी आहे, चर्च आहे.

"तुला जायचंय?" मी विचारलं.

"मला इथे जमीन कळली आता, थरामू. कुठल्या कोपऱ्यात मिरची लागते, कुठे नाही. मुलाला इथे मित्र आहेत. पण ते म्हणतात, सहा वर्षं पाहुणा म्हणून राहिलो. पाहुण्याला एक दिवस उठावंच लागतं."

आणि हे कुणी शिकवलं त्यांना? मी. खडू घेऊन, नियम सांगून. सहा वर्षं तो माणूस सुखाने पूर्ण नाव ऐकत होता. आपला मान ठेवतात म्हणून घरी पत्रात लिहीत होता. मी त्याला समजावलं की तो मान नसून कुंपण आहे.

पॉ वाने आणखी एक सांगितलं. 'सॉ' हे त्याचं नावच नाही. 'सॉ' म्हणजे श्रीयुत. बायकांना 'नॉ'. छावणीतल्या कुठल्या तरी कारकुनाने ते नावात घुसवलं. आणि आडनाव तर कॅरेन लोकांत नसतंच. बापाचं नाव बापाबरोबर, मुलाचं मुलाबरोबर. म्हणजे आमचं सभ्य गाव सहा वर्षं त्या माणसाला 'श्रीयुत श्रीयुत लेर मू' म्हणतंय. कुंपणाला दुहेरी तार!

"ते म्हणतात," पॉ वा डोळे पुसत म्हणाली, "ज्याला आडनावच नाही त्याचं ते वाकडं तरी कसं करणार?"

वर्गाला माणसं कमी झाली तर अनुदान जाईल आणि हॉल विणकामवाल्यांना मिळेल. पण प्रामाणिकपणे लिहायचं तर आज मला त्याची आठवण नंतर झाली.

बुधवार, १८ सप्टेंबर

डस्टीला गाठून सरळ सांगितलं, "लेर मूला एक नाव पाडा. काहीही. शनिवारपर्यंत."

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी त्याला चर्चमध्ये डुक्कर आणायला सांगितलं. "मिसेस ट्रेलोर, नाव असं पाडता येत नाही. नाव पडतं."

"तुझं तर जन्मतःच पडलं होतं."

"रोड्स आडनावाला पर्याय नसतो. पण बाकीच्यांचं? माणसाच्या हातून काहीतरी व्हावं लागतं. बहुतेक वेळा मूर्खपणा. आणि हा लेकाचा चुकतच नाही! सहा वर्षांत एकदा वेळेवर आला नाही असं नाही, एक नळ उघडा राहिला असं नाही. करायचं काय अशा माणसाचं?"

"आणि समजा एखाद्याने नाव मागितलं तर?"

"मागितलं की संपलं. मागून मिळालेलं नाव दोन दिवस टिकत नाही." मग हळूच म्हणाला, "आणि सगळ्यांना आपलं नाव माहीत असतंच असंही नाही."

हे शेवटचं कशाबद्दल होतं कळलं नाही. उन्हात काम करतो बिचारा.

घरी येताना बेकरीत गेले. पाटीवरची चूक मी काल मालकिणीला सांगितली होती, ती तिने पुसलेली दिसली. दोन बायका काउंटरपाशी बोलत होत्या. "काल मॅग्पायने कुणाला टोचलं गं?" "बेकरीच्या पाटीला." पक्षी पाटीला टोचतात हे नवीनच ऐकलं. काचेत स्वतःचं प्रतिबिंब बघून चिडत असतील.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

फेलिसिटीबाईंना मी लिहिलं होतं की तुमच्या पत्रकाने घोटाळा केलाय. आज उत्तर आलं. पालिका एक समिती नेमणार आहे. टोपणनाव हवं असलेल्यांनी इच्छा कळवावी, तीन पर्याय सुचवले जातील, दोन्ही बाजूंच्या लेखी संमतीने एक ठरेल. चहा आणि बिस्किटांची सोय.

उत्तर चुलीत घातलं. बाई मनाने चांगली आहे, हीच तर अडचण.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

घोड्यांच्या शर्यतीची सुट्टी, म्हणून वर्ग नाही. पॉ वाच्या घरी जेवायला गेले होते. भात, मिरचीचा ठेचा, माशाची आमटी. माझ्या रक्तदाबाला यातलं काहीच चालत नाही. फार छान जेवले.

घरात खोकी आली आहेत. अजून रिकामी, भिंतीला टेकून ठेवलेली.

लेर मू माझ्याशी नेहमीपेक्षा जास्त अदबीने वागला. मला वाटलं रागावला असेल. विचारलंच. तो म्हणाला, "नाही, थरामू. तुम्ही खरं सांगितलंत. छावणीत कुणी खरं सांगत नसे. उद्या जायचं, पुढच्या महिन्यात जायचं, असं वीस वर्षं सांगायचे." मग म्हणाला, "तुम्हाला पण इथे एकोणीस वर्षं झाली. तुम्ही कशा राहिलात?"

मी म्हटलं, "मला लोकांची फार गरज पडत नाही."

त्याने माझ्या ताटात आणखी मासा वाढला.

शनिवार, ७ डिसेंबर

पायातले बूट अजून ओले आहेत, पण आधी लिहिते.

आज बोल्स क्लबची नाताळ स्पर्धा. गावातली सगळी ज्येष्ठ मंडळी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, हिरवळीवर वाकून जड चेंडू घरंगळवत होती. मी गुण लिहीत होते, कारण दुसऱ्या कुणाची बेरीज मला पटत नाही. ऊन रणरणतं, वारा उत्तरेचा. सगळीकडे कापणी चालू. दोनच्या सुमारास भोंगा झाला. डस्टीच्याच शेजारच्या शेतात कापणीयंत्राची ठिणगी पडून गव्हाच्या खुंटांना आग लागली होती.

डस्टी पहिला बंब घेऊन गेला. दुसरा बंब लेर मू चालवत होता, बाजूला चॉकी. शेडमधून निघून क्लबच्या कुंपणाला वळसा घालून जायचा रस्ता. वळणावर बंब आला आणि आम्हाला दिसलं की मागचा मोठा नळ उघडा आहे. दिसलं म्हणजे, आधी अंगावर आलं.

इतकं पाणी मी या गावात कधी पाहिलं नव्हतं. गेली तीन वर्षं आम्ही आंघोळीचं पाणी गुलाबांना घालतो. आणि आज एक आडवा धबधबा कुंपणावरून आला आणि सगळी स्पर्धा घेऊन गेला. अध्यक्षांची टोपी तळ्यात. केक पाण्यात. खाटीक ट्रेव्हर, पांढरा पोशाख, टकलावरून पाणी निथळतंय, हातात चेंडू तसाच. मी टेबलासकट भिजले. त्या गोंधळात कुणीतरी आनंदाने ओरडलं, "अरे, मॅग्पायसुद्धा भिजली!" माणसं बुडताहेत आणि याला पक्ष्याची काळजी.

बंब तसाच धुराच्या दिशेने गेला. लेर मूला आरशात काही दिसलं नसावं. तिकडे पोचला, पाइप सोडला, आणि टाकी ठणठणीत रिकामी. आसपासचे शेतकरी आपापल्या गाड्यांवर पाण्याच्या टाक्या घेऊन आधीच पोचले होते, म्हणून आग डस्टीच्या कुंपणापाशी विझली. कुणाला काही झालं नाही.

चॉकीने संध्याकाळी येऊन हे सांगितलं. सकाळी बंब धुतल्यावर नळ त्यानेच उघडा ठेवला होता, इंजिन सुरू होईपर्यंत त्यातून पाणी येत नाही, पण निघण्याआधी तपासायचं काम चालकाचं. "डस्टीने टाकीत डोकावून पाहिलं. मग लेर मूकडे पाहिलं. लेर मूने हेल्मेट काढलं, काखेत धरलं आणि चालत घरी गेला, मिसेस ट्रेलोर. आठ किलोमीटर. गाडीत बस म्हटलं तर बसला नाही."

आता खोकी भरत असेल.

रविवार, ८ डिसेंबर

सकाळी चर्चनंतर लेर मू आणि पॉ वा दारात. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. तिच्या हातात टोपली, टोपलीत केळीच्या पानात बांधलेला चिकट भात. क्लबातल्या प्रत्येक भिजलेल्या माणसाच्या घरी जाऊन माफी मागायची, असं त्याने ठरवलं होतं. मी पहिली, कारण मी थरामू.

"मी माझी जागा सोडतो," तो म्हणाला. "पण आधी माफी. वाक्य बरोबर आहे का बघा." आणि त्याने पाठ केलेलं माफीचं वाक्य म्हणून दाखवलं. व्याकरणात एकही चूक नव्हती.

मी म्हटलं, "बरोबर आहे. पण जरा वाईट करून म्हण. इतकं चांगलं इंग्रजी इथे फक्त वकील बोलतात."

तो हसला नाही. दोघं गेली. मी दिवसभर खिडकीशी. मध्येच मला वाटलं की आपण त्याच्याबरोबर जायला हवं होतं, मग वाटलं की आपण बरोबर असतो तर कुणी मोकळेपणी दार उघडलं नसतं. हे असं का वाटलं, माहीत नाही.

पाचच्या सुमाराला लेर मू परत आला. एकटाच. धापा टाकत. टोपली रिकामी.

"थरामू, शेडमध्ये गेलो होतो. हेल्मेट द्यायला. माझी पट्टी काढून टाकली. मिस्टर सॉ लेर मू, गेली. त्या जागी खडूने लिहिलंय." त्याने तळहात पुढे केला. पेनने उतरवून आणलं होतं. 'ड्राउट'. दुष्काळ.

मला वाटलं, संपलं. रिकामी टाकी. पाणी नसलेला माणूस. मी रागाने उठलेच, डस्टीच्या घरी जाऊन त्याला चार शब्द सुनवायला.

"बसा, थरामू," लेर मू म्हणाला. आणि मग तो माणूस, सहा वर्षांत ज्याला मी मोठ्याने हसताना पाहिलं नाही, गुडघ्यावर थाप मारून हसू लागला. "बसा! तुम्हीच शिकवलंत! टकला तो कुरळ्या. लाल तो निळू. मी सगळं गाव भिजवलं, म्हणून..."

मी बसले.

त्याने सगळं सांगितलं. अध्यक्षांकडे गेला, वाक्य म्हणू लागला, तर अध्यक्ष म्हणाले, "ये रे दुष्काळा, आत ये, फक्त काही सांडू नकोस." खाटकाने रस्त्याच्या पलीकडून हाक मारली, "ए दुष्काळ! माझ्या बागेला उद्या वेळ आहे का?" नॉबी क्लार्कच्या म्हाताऱ्या आईने भात घेतला आणि विचारलं, पुढच्या शनिवारी येणार असशील तर साबण आणते. आणि शेडमध्ये डस्टी वाट बघत होता. त्याने लेर मूच्या हातातलं हेल्मेट घेतलं, खुंटीला अडकवलं आणि म्हणाला, "सहा वर्षं, लेका. सहा वर्षं आम्ही थांबलो होतो."

मग चॉकीने कोपऱ्यातून, अगदी हळू, घाबरत घाबरत, आवाज काढला. "मूऽऽ."

"मग?" मी विचारलं.

"मग मी पण काढला. आमच्या भाषेत मू म्हणजे जगणं, ते त्यांना सांगितलं. ते म्हणाले, गाईला माहीत असणार. मग सगळे काढत राहिले. डस्टी रडत होता, थरामू. सहा वर्षांचं साठलेलं." तो उठला. "पॉ वा खोकी मोडतेय. चुलीला होतील. मी तिच्या भावाला फोन केला, की येत नाही."

"काय कारण सांगितलंस?"

"सांगितलं, इथे दुष्काळ आहे. त्याला कळलं नाही."

मंगळवार, १७ डिसेंबर

वर्षाचा शेवटचा वर्ग. लेर मूच्या हट्टाने तो बंबाच्या शेडमध्ये भरवला, म्हणजे माझे विद्यार्थी आणि बंबवाले एकत्र. फ्रीजवरचं पत्रक काढलेलं होतं. त्या जागी कुणीतरी बोल्स क्लबचं चित्र काढून लावलंय, त्यात मासे पोहताहेत.

चहाच्या वेळी चॉकीने फडताळ उघडलं. प्रत्येकाचा कप वेगळा, कपावर नाव. डस्टी. कर्ली. चॉकी. नवा कोरा कप: दुष्काळ. लेर मू तो दोन्ही हातांनी धरून बसला होता, चहा संपला तरी.

मला वाटलं मला कागदी पेला मिळेल. पण चॉकीने मागून एक जुना, कानाशी थोडा टवका उडालेला कप काढला, शर्टाला पुसला आणि माझ्यापुढे ठेवला. त्यावर नाव नव्हतं. कुणीतरी हाताने पक्षी रंगवलेला होता. काळापांढरा, मान वाकडी करून रोखून बघणारा.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"इथेच असतो," चॉकी म्हणाला. "बरीच वर्षं. तुम्ही कधी चहाला थांबलाच नाहीत."

पाहुण्यांसाठी ठेवत असतील. जरा वाईट वाटलं, खरं सांगायचं तर. लेर मू दुष्काळ झाला, खोकी चुलीत गेली, वर्ग टिकला, आणि मी अजून मिसेस ट्रेलोरच. पण चित्र चांगलं काढलंय. चोच थोडी जास्त लांब आहे, ते मी सांगितलं. कुणालातरी एकदम जोरात खोकला आला.

लेर मू कपाकडे बघत होता. मग माझ्याकडे. माझ्या काळ्या स्कर्टकडे, पांढऱ्या ब्लाउजकडे, पुन्हा कपाकडे. त्याचे डोळे मोठे झाले आणि चेहरा असा उजळला की मला वाटलं त्याला आणखी एखादं व्याकरण उलगडलं. "थरामू!" तो म्हणाला, "थरामू, तुम्ही पण..." डस्टीने त्याच्याकडे बघून मान हलवली, हळूच. लेर मू थांबला. मग म्हणाला, "तुम्ही पण आणखी चहा घ्या."

घेतला. दोन कप घेतले. फार बरं वाटलं तिथे, का कोण जाणे. उठावंसं वाटेना. शेवटी मी निघाले तेव्हा चॉकीने कप धुऊन परत फडताळात ठेवला, डस्टीच्या आणि कर्लीच्या मध्ये. पाहुण्यांचा कप तिथे कशाला, असं विचारणार होते, पण डॉक्टरांचं आठवलं आणि जीभ आवरली.

बाहेर पडले तर रस्त्यावर खाटकाची दोन पोरं सायकलवर. मला बघताच दोघांनी हेल्मेटं घातली. आता डिसेंबर अर्धा संपला. पिल्लं केव्हाच उडून गेली, आता एकही मॅग्पाय कुणाला टोचत नाही. या गावाला पक्ष्यांमधलं काडीचं कळत नाही. नव्या वर्षाच्या पहिल्या बुलेटिनमध्ये यावरच लिहिणार आहे.